शिंगवाल्या सशाच्या बोरसे मॅडम

बोरसे मॅडमच्या व्हॉट्सॲपवर स्वतःचा फोटो कधीच नव्हता. ससा होता. तोही गोंडस-बिंडस नाही. डोक्यावर, कानामागे, तोंडाभोवती काळी वेडीवाकडी शिंगं उगवलेला, बघितल्याबरोबर मोबाइल पालथा ठेवावासा वाटेल असा ससा. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं होतं, "दृष्ट लागू नये म्हणून लावलाय का हो त्यांनी?" मी म्हटलं, "हो, आणि लागलीच तर ती सशाला लागावी म्हणून." हे मॅडमना सांगितलं तेव्हा बशीतला चहा साडीवर सांडेपर्यंत त्या हसल्या.

धुळ्याच्या देवपुरातल्या एकाच कॉलेजात आमची सगळी नोकरी झाली. त्या प्राणीशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. त्या मला 'मराठी' म्हणूनच हाक मारायच्या. "काय मराठी, चहा?" "मराठी, आज चेहरा का उतरलाय?" मीही त्यांना 'प्राणीशास्त्र' म्हणायचे. एकमेकींना 'मॅडम' म्हटलं की समजावं, आज आमचं बिनसलंय. आणि आमचं बिनसायचंही बरं का! मी तोंडाने फटकळ आणि त्या कुठलीच गोष्ट सोडून न देणाऱ्या. मग काय होणार?

पहिली ठिणगी तर माझ्या भर तासाला पडली. मी नवीनच लागले होते. वर्गात सांगत होते की आपल्याकडे अशक्य गोष्टीला सशाचं शिंग म्हणतात, कारण ते जगात नसतंच. व्हरांड्यातून एक ठेंगणी बाई चालली होती. खांद्याला पोत्याएवढी मोठी पर्स, हातात पिठाची चाळणी. ती दारात थबकली आणि म्हणाली, "मॅडम, एक मिनिट. सशाला शिंग येतं."

वर्ग खो खो हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा तास, माझी मुलं, आणि ही कोण चाळणीवाली? तास संपल्यावर मी तरातरा स्टाफरूममध्ये गेले, चार शब्द सुनावायचे म्हणून. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्यासमोर एक छापील फोटो ठेवला. तोच तो ससा. म्हणाल्या, "बघितल्याशिवाय नाही म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. चहा घेणार?"

आता फोटोच समोर ठेवल्यावर भांडायचं तरी काय? मी चहा घेतला. पण दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, बघू तरी या चाळणीचं काय करतात.

टेबलावर पातेलं, त्यावर ती चाळणी. एका तांब्यात हळदीचं पाणी, त्यात मूठभर साबुदाणा. बोर्डावर त्यांनी ससा काढला. चित्रकला यथातथाच, शिंगांमुळे तो ससा कमी आणि बोकड जास्त दिसत होता. मग त्यांनी गोष्ट सांगायला घेतली. स्वातंत्र्याच्याही आधीची, अमेरिकेतली. तिकडच्या शिकाऱ्यांना रानात अधूनमधून असे शिंगवाले ससे दिसायचे. शिकारी काय करणार? हसायचे, एकमेकांना दाखवायचे आणि गोळी घालून पुढे जायचे. एका डॉक्टराच्या कानावर ही गोष्ट गेली. तो मात्र म्हणाला, मला एक आणून द्या, बघू तरी काय आहे. बघतो तर ती शिंगं नव्हतीच. कातडीवर वाढलेल्या चामखिळी होत्या, टणक झालेल्या.

"मग त्याने काय केलं असेल?" मॅडमनी विचारलं. "त्या चामखिळी वाटल्या, पाण्यात कालवल्या आणि गाळल्या." असं म्हणून त्यांनी तांब्या चाळणीवर उपडा केला. साबुदाणा वर राहिला, पिवळं पाणी पातेल्यात उतरलं. "त्याची गाळणी फार बारीक होती. हा साबुदाणा म्हणजे जंतू, ते वर अडकले. खाली नुसतं पाणी आलं. ते पाणी त्याने धडधाकट सशाच्या कातडीवर ओरखडे काढून चोळलं. काही दिवसांनी त्या सशालाही शिंगं! म्हणजे जंतूहूनही बारीक असं काहीतरी खाली उतरलं होतं. तो विषाणू."

आणि खरी गोष्ट पुढेच होती. रानातल्या सशाच्या अंगावरची गाठ पुष्कळदा गाठच राहायची. पण तोच विषाणू पाळीव सशांना लावला, तर त्यांतल्या बऱ्याच जणांच्या त्याच गाठीचा काही महिन्यांनी कॅन्सर व्हायचा. विषाणूमुळे कॅन्सर होऊ शकतो, हे म्हणायला तेव्हा डॉक्टरसुद्धा कचरत होते. सशांनी ते दाखवून दिलं. पुढे त्याच विषाणूच्या गोतावळ्यातले माणसांचे विषाणू सापडले. त्यातल्या काहींमुळे बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो, हे कळलं. आमची नोकरी चालू असतानाच त्यावर लसही निघाली, आणि ती तयार होतानाही पुन्हा हे ससे उपयोगी पडले.

एका मुलाने विचारलं, "मॅडम, सशाचं आपल्याला होईल का?"

"नाही रे बाबा. सशाचा विषाणू सशाला. आपल्याला होतो तो त्याचा भाऊबंद. तू खेडेगावातला, भाऊबंद कसे असतात ते तुला वेगळं सांगायला नको." वर्ग हसला. हसू ओसरल्यावर मात्र त्या गंभीर झाल्या. "लक्षात ठेवा, साध्या गाठीपासून कॅन्सरपर्यंतची वाट लांब असते. सशात महिने लागतात, माणसात वर्षं. त्या वाटेवर त्याला कुठेही गाठता येतं. तेवढा वेळ आपल्याला मिळालेला असतो. तो लाजण्यात घालवायचा नाही. विषाणूला लाज नसते."

त्या दिवसापासून मी त्यांच्या प्रेमात पडले, उगाच कशाला लपवू?

ती चाळणी पुढे आमच्या स्टाफरूमची म्हणच झाली. कोणी कोणाची कागाळी घेऊन आलं, "मॅडम, कळलं का, अमक्याची बदली त्याच्या त्या भानगडीमुळे झाली म्हणे," की मॅडम बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणायच्या, "गाळून घ्या. गाळून जे खाली उतरेल तेवढंच सांगा." सांगणारा दोन मिनिटं विचार करायचा आणि म्हणायचा, "तसं काही नाही, बदली झाली एवढं खरं." कॉलेजच्या ग्रुपवर कोणी लिंबू-हळदीने कॅन्सर बरा होतो असलं काही टाकलं, की खाली शिंगवाल्या सशाच्या तोंडून दोनच शब्द यायचे, 'गाळून घ्या'. चिडणारे चिडायचे. पण टाकण्याआधी विचारही करायला लागले होते.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरात पांढऱ्या सशांची एक जोडी असायची. एक जोडी म्हातारी होऊन गेली की दुसरी यायची. आणि पोळा! पोळ्याला सगळं धुळं बैल सजवायचं आणि बोरसे मॅडम ससे. कपाळाला कुंकवाचं बोट, समोर लसूणघास आणि मेथीची जुडी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "अहो प्राणीशास्त्र, शिकलेल्या ना तुम्ही?" त्या म्हणाल्या, "बैल शेतात राबला म्हणून त्याला पुरणपोळी. हे प्रयोगशाळेत राबले, अंगावर कॅन्सर घेऊन मेले. यांना मेथी नको? आणि त्यांना कोणी विचारलं होतं का, की बाबांनो, येता का?" तेव्हा त्यांचा आवाज असा काही झाला की मी मुकाट्याने मेथी निवडायला बसले.

पर्समध्ये जिऱ्याच्या गोळ्या, साबणाच्या कागदी चकत्या आणि एक भिंग कायम. भिंग कशाला, तर लोकांच्या चामखिळी बघायला. भाजीवालीच्या, कंडक्टरच्या, शिपायाच्या, कोणाच्याही. एकदा शिरपूरकडचे एक गृहस्थ तावातावाने स्टाफरूममध्ये आले. मुलगी त्यांची मॅडमच्या वर्गात. "मुलामुलींच्या वर्गात गर्भाशय-बिर्भाशय काय शिकवता? आमच्या घरात असले शब्द चालत नाहीत." आवाज चढलेला. मी उठणारच होते, माझी जीभ शिवशिवत होती. पण मॅडमचं त्यांच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्या त्यांच्या मानेकडे टक लावून बघत होत्या.

"भाऊ, हे काय बांधलंय?"

गृहस्थांनी मानेवर हात नेला. एक मोठी चामखीळ होती आणि तिला काळा केस करकचून बांधलेला. "घोड्याच्या शेपटीचा केस आहे. आमच्या गावच्या आबांनी बांधला. गळून पडते त्याने."

"बसा बरं इथे उजेडात." भिंग बाहेर निघालं. मान लाल झाली होती, पू धरला होता. मॅडमनी साबणाची चकती काढली, हात कोपरापर्यंत धुतले, तो केस कात्रीने अलगद कापून काढला आणि म्हणाल्या, "आज डॉक्टरकडे जा. आणि भाऊ, मानेवर दिसली तर आबांनी केस बांधला. आत, जिथे दिसतच नाही, तिथे कोण बांधणार? तेवढंच मी वर्गात सांगते."

गृहस्थांनी मॅडमनी पुढे केलेला चहा फुंकर मारून मारून संपवला आणि निघताना दारात वळून विचारलं, "ती लस कुठे मिळते, मॅडम?" पुढे त्यांनी मुलीला तर दिलीच, पण भावाच्या मुलींनाही ते घेऊन आले. कॉलेजात येताना दर वेळी मान दाखवायचे, "बघा, गेली."

अशा बाईला घरात बोलायची चोरी असेल, असं मला कधी स्वप्नातही वाटलं नसतं. पण होती. त्यांच्या अक्काशी.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. अमळनेरजवळच्या खेड्यात राहायच्या. या दोघींना भाऊ नव्हता, म्हणून अक्कांचा नवरा घरजावई आला, आणि तोही लवकर गेला. मॅडमची आई त्या अगदी लहान असताना वारली. त्यांना न्हाऊमाखू घालून, अमळनेरच्या कॉलेजात धाडून शिकवलं ते अक्कांनी. स्वतः मात्र शाळेची पायरी चढल्या नाहीत. मॅडमचं माहेर म्हणजे अक्का. त्यांच्यापुढे बोरसे मॅडमची मंदी व्हायची. पदर सावरायची, हळू बोलायची.

आखाजी आमच्या खान्देशात बायकांचा सण. अक्षय्य तृतीयेला सगळ्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि काम म्हणाल तर काडीचं करत नाहीत. मॅडमनी याचाच फायदा उठवला. म्हणायच्या, "सासरी असलेली बाई दवाखान्यात जायचं म्हणाली की सासू विचारते कशाला, नवरा विचारतो किती वेळ. माहेरी आलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही." म्हणून आखाजीच्या दुसऱ्या दिवशी त्या गावात एक काळी-पिवळी जीप बोलवायच्या, माहेरवाशिणी कोंबून भरायच्या आणि अमळनेरला ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे गर्भाशयाच्या तपासणीला न्यायच्या. येताना सगळ्यांना उसाचा रस. पहिल्या वर्षी चारदोन जणी लाजत लाजत बसल्या. पुढे बायका स्वतःच गाडीची वेळ विचारायला लागल्या, "मंदाताई, गाडी कवय येई?"

आणि बायका गोळा करायचं काम कोणाचं? अक्कांचं! घरोघर जाऊन त्याच दटावायच्या, "बसा वं गाडीमा. मनी मंदी तुम्हले खाई टाकत नही." पण स्वतः कधी बसल्या नाहीत. मॅडमनी नजरेने विचारलं की हात उडवायच्या, "मना काय शे आते? म्हातारी बाई मी. पोरीसले लई जा." आणि आमची बाई, जी परक्या पुरुषाच्या मानेवरचा केस कापते, ती यापुढे एक शब्द बोलायची नाही. मी एकदा टोकलंही. त्या म्हणाल्या, "आईला विचारता येतं का असलं, मराठी? ती माझी आईच आहे." मी म्हटलं, "विषाणूला लाज नसते, कोण म्हणत होतं?" त्या दिवशी त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं.

एका आखाजीला त्यांनी मलाही सोबत नेलं. ऊन असं की टाळू तडकावी. मी रस्ताभर कुरकुरत होते. अक्कांनी दारातच मंदीचे गाल दोन्ही हातांत धरले. "ऊनी का माय! कितली वाळी गयी तू. कॉलेजवाला खावाले देतस का नही?" मंदी चांगली गुटगुटीत होती, पण ते असो.

आखाजीला पितरांची घागर भरतात. मातीची घागर, वर छोटं मडकं, त्यावर आंबा नाहीतर डांगर म्हणजे खरबूज, आणि पुरणपोळीचा नैवेद्य. त्या घरात आई-वडिलांची आणि नवऱ्याची घागर कायम अक्काच भरायच्या. त्या दिवशी मात्र त्या स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सुनेला म्हणाल्या, "रेखा, तू भर घागर. मना गुडघा दुखी राहिनात."

रेखाने घागर भरली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, गुडघे कोणाचे दुखत नाहीत? मी पुरणपोळीवर तूप किती घ्यावं या विचारात होते. शेजारी मॅडमचा हात ताटातच थांबला होता. त्या अक्कांकडे बघत होत्या. उंबऱ्याबाहेर, भिंतीला अंग चोरून उभ्या, कशालाही शिवायचं नाही अशा.

जेवणं झाल्यावर अंगणातल्या निंबाखाली आम्ही तिघीच होतो. झोका रिकामा होता.

"अक्का, घागरले तू हात काबरं लावा नही?"

"सांगं ना तुले. गुडघा दुखतस."

"गुडघा दुखतस तं बसीसन भरती तू. उंबराबाहेर काबरं उभी राहिनी?"

"चूप. आंडोर शे घरमा." मुलगा घरात आहे, ऐकेल, म्हणून अक्कांनी आवाज दाबला. आणि मला लख्ख कळलं. ज्या बाईची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली, ती बाई पुन्हा शिवू नये म्हणून बाजूला उभी राहत होती. तिला रक्त जात होतं. तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, पण पितरांना फसवायची तिची छाती झाली नव्हती.

मी उठून जाणार होते. मॅडमनी माझा पदर धरून खाली बसवलं. मला वाटलं, आता शास्त्र सांगणार, रागावणार. त्यांनी मोबाइल काढून तो ससा अक्कांपुढे धरला.

"हा भुताळ्या?" अक्का म्हणाल्या. "हाऊ तं तू कवयनी दखाडस."

मॅडमनी सगळी गोष्ट अहिराणीत सांगितली. शिकारी, हसणं, डॉक्टर, गाळणी, सगळं. इतकी वर्षं ती गोष्ट मी ऐकत होते, पण इतक्या हळू आवाजात कधीच ऐकली नव्हती. अक्का सशाकडे निरखून बघत होत्या.

"मंग हाऊ ससा मरी गया?"

"हां. तोंडना आजूबाजूले वाढी गयं. खाता यी ना. उपाशी मरी गया."

"आन कोनी देखं नही त्याले?"

"देखं ना. पन बठ्ठा शिकारी नुसता हासनात. दवा कोनीच करी नही."

वाऱ्याने झोका आपोआप हलत होता. मग अक्कांनी विचारलं, "मना बी तसंच शे का वं, मंदी?"

"देखाशिवाय हो बी म्हनू नको, नही बी म्हनू नको."

"डॉक्टर बाईमानूस शे ना?"

"बाई शे."

"तू मना जोडे उभी राहशी?"

"मी तुना हात धरीसन उभी राहसू," मॅडम म्हणाल्या आणि अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारख्या हमसाहमशी रडायला लागल्या. अक्काच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझेही डोळे गळायला लागले, मी उन्हाला दोष दिला.

दुसऱ्या दिवशी काळी-पिवळीत पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी अक्का बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून.

कॅन्सर होता. पसरला नव्हता, पण सुरुवातीचाही म्हणता येणार नाही, असा मधल्या वाटेवर. विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला जळगावला राहावं लागणार होतं. माझं माहेर जळगावचं, मी म्हटलं, माझ्या भावाकडे राहतील, त्यात काय. अक्का आधी "परका घर" म्हणून संकोचल्या. आठवड्यात माझ्या वहिनीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अशी नाही, अशी थापायची म्हणून ओरडायला लागल्या. तोंडाची चव गेलेली, अंगात त्राण नाही, पण ओरडणं चालू. भरीत मात्र जळगावचं चांगलं, असं कबूल केलं. हे मी मॅडमना मुद्दाम दोनदा सांगितलं.

मॅडम रजेच्या दिवशी धुळ्याहून एसटीने यायच्या. एकदा दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. अक्का आत होत्या. मॅडम एकदम म्हणाल्या, "इतकी वर्षं, इतक्या मुलांना शिकवलं मी, मराठी. इतक्या बायका गाडीत बसवल्या. आणि घरात विचारलं नाही. दर वर्षी ती मला पुरणपोळी वाढत होती आणि मी विचारलं नाही."

मला समजूत घालायला जमत नाही. काहीतरी बोलायचं आणि वाकडंच बोलायचं, हा माझा स्वभाव. मी म्हटलं, "गाळून घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वर काय अडकलं ते राहू द्या तिथेच. खाली काय उतरलं? अक्का आहे. आत आहे, थोड्या वेळाने बाहेर येईल आणि मला शिव्या देईल. तेवढंच घ्या." त्या हसल्या नाहीत, पण पर्समधून जिऱ्याची गोळी काढून त्यांनी अर्धी मला दिली.

अक्का बऱ्या झाल्या. पुढच्या आखाजीला त्यांनी स्वतः घागर भरली, आणि रेखाने पाणी सांडलं म्हणून तिला चांगलं फैलावर घेतलं. मॅडम दारात उभ्या राहून ते सगळं बघत होत्या, आणि मी कितीही खुणावलं तरी जेवायला बसत नव्हत्या.

मॅडम निवृत्त झाल्या, मीही झाले. संध्याकाळी आम्ही देवपुरातून पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालायला जायचो. म्हणजे मी चालायचे. त्या स्कूटी घेऊन यायच्या आणि माझ्याबरोबर रांगत चालवायच्या, कारण पर्स जड. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पुलाच्या तोंडाशी पेरूवाली बसली होती. मॅडमनी तिथेच, भर रस्त्यात स्कूटी थांबवली. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. पेरूवालीच्या बोटावर काहीतरी होतं आणि मॅडम भिंग काढून, चष्मा कपाळावर चढवून, तिचा हात उजेडाकडे वळवून बघत होत्या. मी पुलाच्या मध्यावरून ओरडले, "अहो प्राणीशास्त्र, अंधार पडेल!" त्यांनी मान वर न करताच हात हलवला. "तुम्ही पुढे व्हा मराठी, मी आलेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सशांना मेथी घालताना त्या अंगणातच कोसळल्या. हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, काही कळलं नसेल त्यांना. मला राग आला, खरं सांगते. सगळ्या गावाला तपासा म्हणून मागे लागणारी बाई, स्वतःच्या छातीत दुखत होतं का, ते मला एका शब्दाने बोलली नाही. की दुखतच नव्हतं? आता कोणाला विचारू? ससे माझ्याकडे आले आहेत. माझी कुंडीतली कोथिंबीर खाऊन फस्त केली मेल्यांनी. पोळ्याला मेथी आणावी लागणार.

यंदाच्या आखाजीला अक्कांचा निरोप आला, "मराठीबाईले सांगा, यी जा." मी गेले. अक्का पार वाकल्या आहेत, पण स्वयंपाकघरात त्याच. चुलीशेजारी या वेळी एक घागर जास्त होती, नवी कोरी. गावातल्या कोणी आजीबाई बसल्या होत्या, त्यांनी शंका काढली, बिनलग्नाच्या बाईची घागर भरतात का म्हणून. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तिनामुये मी आठे उभी शे," एवढंच म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी घागर उचलली. पाणी ओतताना हात हलत होते, पण थेंब सांडला नाही. वर डांगर ठेवलं, पुरणपोळी ठेवली. मग काहीतरी आठवल्यासारखं झालं. त्यांनी मागच्या दारी जाऊन मेथीची एक काडी खुडून आणली आणि नैवेद्यावर ठेवली. मला तिथे बसवेना, मी बाहेर येऊन झोक्याची दोरी धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी-पिवळी दारात आली. ती अक्कांनीच बोलवली होती. बायका बसल्या, एकमेकींना चिमटे काढत, खिदळत. रेखा मात्र ओट्याला टेकून उभी होती. इतकी वर्षं ती दर आखाजीला घरी राहून पाहुण्यांचा स्वयंपाक करायची, गाडीत कधी बसलीच नव्हती. "आत्याबाई, मले लाज वाटस," ती सासूला म्हणाली. "पुढला सालले जासू."

अक्कांनी काठी भिंतीला टेकवली आणि तिचा हात धरला.

"चाल," त्या म्हणाल्या. "मी तुना हात धरीसन उभी राहसू."